साबण लावलेला गज

सरांनी माझ्या गजाला साबण लावला.

ठाण्याच्या त्या हॉलच्या ग्रीनरूममध्ये बेसिनवर हात धुवायच्या साबणाची वडी पडलेली. वापरून वापरून चपटी झालेली. सरांनी ती उचलली, रुमालाने कोरडी केली. मग माझ्या हातातून गज काढून घेतला आणि त्याच्या केसांवर ती वडी घासायला लागले. वरून खाली, खालून वर. अगदी निगुतीने, जणू पूजेची तयारी चाललीये. क्लासची सगळी मुलं बघत उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान एखाद्याच्या थोबाडीत मारता आलं असतं.

गज परत माझ्या हातात देऊन सर म्हणाले,

“हात हलव. आवाज नको.”

ज्यांनी कधी व्हायोलिन हातात धरलं नाही त्यांना यातली घाण कळणार नाही, म्हणून सांगते. गजाला घोड्याचे केस असतात. त्यांना रोझिन लावतात, म्हणजे राळ. राळ लावली की केस तार पकडतात आणि सूर निघतो. साबण लावला की केस नुसते घसरतात. तुम्ही जीव तोडून वाजवा, तार मुकी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पोरगी वाजवतेय. सरांना स्टेजवर मी हवी होते. माझा आवाज नको होता.

मी नववीत होते. चौथीपासून त्यांच्याकडे शिकत होते.

आम्ही शहाडचे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची चाळ. पप्पा रेल्वेत फिटर, आई घरी शिवणकाम करायची. पप्पांनी डोंबिवलीत कुणाच्या तरी रिसेप्शनला व्हायोलिन ऐकलेलं आणि ते त्यांच्या डोक्यात बसलेलं. घरी येऊन म्हणाले, “माझी पोरगी हे वाजवणार.” झालं. पुढच्याच रविवारी आम्ही दोघं डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या तळमजल्यावर सरांच्या क्लासमध्ये हजर.

सरांनी माझे हात बघितले. बोटं ताणून बघितली. “बोटं छान लांब आहेत,” म्हणाले. मी खूश. पप्पा तर माझ्याहून खूश. तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला आणि पप्पांनी सवयीने, मोकळ्या आवाजात घेतला, “जय भीम, बोला.”

सरांनी माझा हात सोडला. झटकला नाही हां. सोडला. ते सुशिक्षित माणूस होते, झटकणाऱ्यातले नव्हते. मग उठून आत गेले आणि हात धुतल्याचा आवाज आला. मला तेव्हा वाटलं, व्हायोलिन शिकवणारे लोक फार स्वच्छ असतात.

प्रवेश मात्र मिळाला. नाही कशाला म्हणतील? आता काय कोणी तोंडावर नाही म्हणत नाही.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. गज कसा धरायचा, लांब सूर कसा ओढायचा. मी मेहनतीला कमी नव्हते. मग सर मनगटावर आले. त्यांचं एक वेड होतं. गज चालवताना मनगट खाली पडता कामा नये. पोरं दमली की मनगट पडतंच. मग सर मनगटाखाली पेन्सिल धरायचे. मनगट पडलं की पेन्सिलचं टोक टोचायचं, पोरगं दचकून हात वर घ्यायचं. ही त्यांची पद्धत. सगळ्या आईबापांना माहीत होती, कौतुकाने सांगायचे एकमेकांना.

माझ्या मनगटाखाली ते उदबत्ती धरायचे. पेटवलेली.

क्लासमध्ये सरस्वतीचा फोटो होता, त्याच्यापुढे रोज उदबत्ती असायची. माझी पाळी आली की सर ती काढून आणायचे. निखारा वर. माझं मनगट त्याच्या बोटभर वर. “चालू कर.” मी चालू करायचे. धूर नाकात जायचा, डोळ्यांतून पाणी. हात दुखायला लागायचा, थरथरायचा आणि कधीतरी पडायचाच. चर्र. पहिल्यांदा मी जोरात ओरडले तर सर म्हणाले, “सुरात ओरड.” तेव्हा मात्र पोरं हसली.

गार्गी नावाची एक मुलगी माझ्या शेजारी उभी राहायची. माझ्याच वयाची, माझ्याच धड्यावर. तिचंही मनगट पडायचं, माझ्यापेक्षा जास्त. मी एकदा विचारलं. बंडबिंड काही नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

“सर, गार्गीला पेन्सिल का?”

“तिला सांगितलं की कळतं.”

एवढंच. त्यावर मी मान डोलावली. मला ते पटलेलं! आज आठवलं की अंगाची लाही होते. मला वाटायचं, मी मठ्ठ आहे म्हणून मला जास्त शिकवावं लागतं.

मनगटाच्या आतल्या बाजूला डाग पडायला लागले. गोल, उडदाएवढे. एक बरा होईपर्यंत दुसरा. आई खोबरेल लावायची आणि म्हणायची, “एवढं कशाला गं भाजवून घेतेस?” मी तिलाच समजवायचे की वाजवणाऱ्याला हे होतंच. चाळीतल्या पोरींना मी ते डाग दाखवायचे. मिरवायचे. माझ्या सरांनी दिलेत म्हणून. पप्पा बघायचे आणि गप्प बसायचे. त्यांच्या हातावरही वेल्डिंगचे डाग होते. त्यांना वाटायचं, शिकायचं म्हणजे भाजणारच.

मग स्पिकॅटो आलं.

आतापर्यंत गज तारेवर ठेवून ओढायचा होता. आता तो तारेवरून उडवायचा. ऑफ द स्ट्रिंग. गज टाकायचा, तो आपटून वर येतो, परत पडतो. प्रत्येक उडीला एक सूर, तुटक, टणक. ऐकायला इतकं भारी की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. गार्गीला आठवडाभरात जमायला लागलं. बारक्या बारक्या पोरांना जमलं. मला जमेना. माझा गज तारेवर पडला की तिथेच बसायचा. नाहीतर खरवडायचा. मी जोर लावायचे, तो आणखी बसायचा. सर उदबत्ती आणखी जवळ आणायचे.

आणि एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्याकडच्यांचा हात जड असतो. कामाचा हात. त्याला काय करणार?” रागावून नाही, शांतपणे. डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतो तसं. “लांब सूर वाजव तू. उड्या मारणं तुझ्या हातात नाही.”

तुमच्याकडच्यांचा. मी घरी येऊन माझा हात उलटसुलट करून बघत बसले. जड आहे का? आईचा हात धरून बघितला. पप्पा झोपलेले, त्यांचा हात उचलून बघितला. शप्पथ सांगते, उचलून बघितला.

त्यानंतर काही दिवसांनी घरी वाजवत होते. दुपार, लाइट गेलेली, घामाने बोटं ओली. गज हातातून निसटला. पडू नये म्हणून दोन बोटांत कसाबसा धरला आणि तो सैल गज तारेवर पडला. उडाला. परत पडला, परत उडाला. त-त-त-त-त. मी काही केलंच नव्हतं! मी फक्त त्याला आवळून धरलं नव्हतं. परत तसंच केलं. दोन बोटांत सैल धरला, वरून सोडला. त-त-त-त. स्वच्छ, टणक सूर. मी वेडी झाले. आई मशीनवरून उठून आली, “अगं काय झालं?” मी तिला मिठी मारली. गजाला उडवावं लागतच नाही. त्याला उडू द्यायचं असतं. मनगट मऊ सोडलं की तो आपसूक उडतो.

रविवारी पळत क्लासला गेले. “सर, जमलं.”

सर म्हणाले, “दाखव.” आणि सरस्वतीपुढची उदबत्ती काढून आणली.

धूर नाकात गेला आणि माझं मनगट लाकूड झालं. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं आवळलं गेलं. गज तारेवर पडला आणि बसला. खर्र. परत. खर्र. मनगट पडलं. चर्र.

“बघ,” सर म्हणाले. “म्हटलं होतं ना?”

त्या क्षणी मला कळलं. डोक्यात लख्ख कळलं. माझा हात जड नव्हता. हा माणूस माझ्या हाताखाली निखारा धरतो, निखाऱ्याच्या भीतीने माझा हात आवळतो, आवळलेल्या हातात गज उडत नाही, आणि मग हाच माणूस म्हणतो की तुमच्याकडच्यांचे हात असेच. आधी हात बांधायचे, मग विचारायचं, टाळी का वाजवत नाहीस? आमच्या आज्याच्या आज्यापासून हेच चाललंय आणि आता डोंबिवलीच्या तळमजल्यावर इंग्रजी स्वरलिपीसकट चाललंय.

कळलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. सर सोडले तर व्हायोलिन सुटणार होतं. कल्याण-डोंबिवलीत दुसरं कोण शिकवतं तेही आम्हाला माहीत नव्हतं. आणि मला ते वाजवायचं होतं. भूक लागावी तसं वाजवायचं होतं.

मग ठाण्याचा कार्यक्रम आला. शेवटचा तुकडा सगळ्यांनी मिळून वाजवायचा, अख्खा स्पिकॅटोचा. मला वाटलं, मला वगळतील. वगळलं नाही. साबण लावला.

का, ते पडदा उघडल्यावर कळलं. सर माइकपाशी गेले. समोर पाहुणे, फुलं, कॅमेरे. सरांनी वळून माझ्याकडे बोट दाखवलं. “आमच्या क्लासमध्ये भेदभाव नाही. ही मुलगी बघा. तळागाळातून आली आहे. संगीताने तिचं सोनं केलं.”

टाळ्या! काय टाळ्या! तिसऱ्या रांगेत पप्पा बसलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आईही होती. पप्पा तळागाळातले नव्हते हो, रेल्वेतले पर्मनंट फिटर होते. पण पोरीचं स्टेजवर कौतुक झालं म्हणून तेच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. आणि मी साबणाचा गज घेऊन उभी.

डोक्यात सणक गेली. कानात नुसता घूं आवाज.

तुकडा सुरू झाला. सगळ्यांचे गज उडायला लागले. माझाही हलला. घसरला. मुका. परत घसरला. शेजारी गार्गी वाजवतेय, माझ्याकडे बघत नाहीये.

गजाला दोन बाजू असतात. एक केसांची, एक लाकडाची. साबण केसांना लावला होता.

मी गज उलटा केला आणि लाकूड तारांवर घातलं.

टक्. असा आवाज त्या हॉलने ऐकला नसेल. सुका, हाडावर हाड आपटावं तसा. आणि लाकूड उडालं! मी परत घातलं. टक् टक् टक् टक्. उदबत्ती नव्हती, भीती नव्हती. राग एवढा होता की भीतीला जागाच नव्हती. मनगट मोकळं, कोपर मोकळं. तुकड्याची लय मला झोपेतही पाठ होती, ती मी लाकडाने बडवत सुटले. दुप्पट वेगाने. बाकीच्यांचं वाजवणं विस्कटलं, एकेक करून सगळे थांबले. मी थांबले नाही. सगळ्यात बारीक तार तुटली, सटकन गालावर बसली, रक्त आलं. उरलेल्या तीन तारांवर घातलं. मागे कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, त्यांना वाटलं असेल कार्यक्रमातलंच आहे. मग पडदा पडला.

विंगेत पोचायच्या आत सरांनी माझी वेणी धरली. फरफटत आत नेलं. गज हिसकावला, गुडघ्यावर मोडला. आणि कानाखाली दिली. अशी दिली की कान बंद झाला.

“दाखवलीस लायकी.”

दुसरी द्यायला हात उचलला. माझ्या बाजूला टेबल होतं, त्यावर सरस्वतीचा फोटो आणि पूजेच्या उदबत्त्या, अजून जळत होत्या. मी व्हायोलिन टेबलावर टाकलं आणि डाव्या हाताने त्यांचा उचललेला हात धरला. उजव्या हाताने उदबत्ती घेतली.

“सर,” मी म्हटलं, “मनगट वर.”

आणि टेकवली. खोटं बोलणार नाही. चुकून लागली नाही. टेकवली.

चर्र झालं. तोच आवाज, तोच वास. सर असे किंचाळले की बाहेर पहिल्या रांगेपर्यंत गेलं असेल. एक चटका! एकच! आणि माणसं धावली. कोणी पाणी ओततंय, कोणी फुंकर मारतंय, कोणी डॉक्टर डॉक्टर ओरडतंय. एका बाईंनी माझा हात पिरगळून मला भिंतीला दाबलं. कोणाच्या तरी वडिलांनी तोंडावर बुक्की मारली, माझा ओठ फाटला. मी भिंतीला दाबलेल्या अवस्थेत एकच विचार करत होते. माझ्या वेळी, इतक्या वर्षांत, एकदाही कोणी फुंकर मारली नव्हती.

पुढच्या रविवारी बोलावणं आलं. क्लासमध्ये, सगळ्या पालकांसमोर, सरांचे पाय धरून माफी मागायची. नाहीतर पोलिसात तक्रार. पप्पा आठवडाभर जेवले नाहीत. त्यांना भीती माझी होती. पोरीवर केस झाली तर संपलं. रस्ताभर एकच म्हणत होते, “पाय धर आणि विषय संपव, बाळा. आपल्याला शिकायचंय ना?”

सर खुर्चीत बसलेले. मनगटाला पांढरं बँडेज, एवढं मोठं की हात तुटलाय वाटावं. पालक दोन्ही बाजूंना, पोरं त्यांच्यापुढे. मी उभीच राहिले. वाकेना. कोणीतरी म्हणालं, “माज बघा.” तेव्हा पप्पा पुढे झाले. हात जोडले. आणि माझ्या ऐवजी स्वतः वाकायला लागले.

मी त्यांची कॉलर मागून धरली. बापाची कॉलर. कचकन मागे ओढली, शर्टाचं बटण तुटून पडलं.

“पप्पा, आधी ह्या पोरांचे हात बघा.”

मग पोरांकडे वळले. “हात पुढे करा. मनगटं उलटी करा. कोणाकोणाला चटका आहे?”

कोणी हलेना. गार्गीने पहिल्यांदा हात पुढे केला. तिच्या आईने दंडाला धरून मागे ओढली तरी तिने हात खाली घेतला नाही. मनगट गोरं, गुळगुळीत. कोपऱ्यातल्या एका छोट्याने केला. गुळगुळीत. आणखी एकाने. पप्पा एकेक मनगट बघत गेले. मी माझी बाही वर केली.

पप्पांना चटके माहीत होते. ते फक्त मलाच आहेत, हे माहीत नव्हतं.

ते सरांना म्हणाले, “फक्त माझ्या पोरीला?”

सर म्हणाले, “तिला त्याशिवाय कळलं नसतं.”

पप्पांचा आवाज फाटला. “मग तुम्हालाबी कळलं असेल आता. करा तक्रार. मीबी हिचा हात घेऊन येतो तिथं.” माझ्या दंडाला धरून बाहेर आले. सोसायटीच्या गेटबाहेर, रिक्षांच्या गर्दीत, भिंतीवर डोकं आपटायला लागले. “मी आणून सोडलं तुला. मी सोडलं.” मी त्यांना धरून ठेवलं. रडले नाही. माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणीच नव्हतं.

तक्रार कोणी केली नाही. कशी करतील? सरांचा क्लास अजून चालू आहे, बोर्ड नवा लावलाय. सत्कारही झाला मध्ये.

मी शिकले. कल्याणच्या एका बँडवाल्याकडे थोडं, मोबाइलवर बघून थोडं, बाकी सगळं तारेवर आपटून आपटून. आज शहाडला आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत मुलांना शिकवते. कोणाच्याही मनगटाखाली काही धरत नाही. पहिल्या दिवशी गज उलटा करून देते, लाकडाने उडवायला लावते. खोली डोक्यावर घेतात पोरं.

पण खोटं कशाला सांगू, माझा हात पूर्ण सुटलेला नव्हता. विहारात वंदनेला उदबत्ती लागली की वास यायचा आणि मनगट आवळायचं. बुद्धासमोर उभी, आणि हातात सरांची भीती. ह्याची मला जेवढी चीड आली तेवढी त्या थपडेची आली नव्हती. माझ्याच घरात, माझ्याच मूर्तीपुढे, हा माणूस माझ्या हाताला धरून उभा!

म्हणून आता रोज सकाळी मी स्वतः उदबत्ती लावते. स्टँडला खोचते, मनगटाच्या बरोबर खाली. निखारा वर. धूर नाकात घेते. आणि स्पिकॅटो सुरू करते. सुरुवातीला खर्र व्हायचं. चटके बसले, नवे डाग पडले. आई भांडली, “वेड लागलंय काय गं तुला?” मी थांबले नाही. हळूहळू मनगट सुटत गेलं. आता उदबत्ती विझून राख पडेपर्यंत माझा गज उडतो, टणाटण, आणि मनगट एकदाही खाली येत नाही.

येत्या गुरुपौर्णिमेला सरांच्या क्लासचा कार्यक्रम आहे, त्याच हॉलमध्ये. मी तिकीट काढलंय. पहिल्या रांगेचं. बाही दुमडून बसणार आहे. स्टेजवर एखाद्या पोराचा गज हलताना दिसला आणि आवाज आला नाही, तर मी उठणार आहे.